वरूड गाव कशावर उभे आहे?



बेणे, खत, तोडणी, वाहतूक आणि उतारा हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. आज थोडी वाट वाकडी करून एका गावाची ओळख करून द्यावी असे आम्ही ठरविले आहे. हे गाव उसाचे नाही, संत्र्याचे आहे. ते आहे अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. नाव वरूड. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिलेले नसेल. पण गाव कशाने वसते, कशाने वाढते आणि वाढल्यावर कशाने अडचणीत येते, हे समजून घ्यायला वरूडइतके चांगले उदाहरण शोधून सापडायचे नाही. आणि वाचता वाचता आपल्याच गावाची आठवण झाली, तर त्यात नवल नाही. आम्हांस तेच हवे आहे.

नावापुढचा शब्द

वऱ्हाडात एकाच नावाची गावे फार. म्हणून लोक गावाच्या नावापुढे आणखी एक शब्द जोडतात. हा शब्द नीट पाहिला तर गावाची कुंडलीच हाती येते. अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन मोठी गावे आहेत. एक चांदूर बाजार, दुसरे चांदूर रेल्वे. पहिले आठवडी बाजारावर वाढले, दुसरे मुंबई-नागपूर लोहमार्गावर. शेंदूरजना दोन आहेत : एक शेंदूरजना बाजार तिवसा तालुक्यात, आणि दुसरे शेंदूरजना घाट वरूड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. नांदगाव खंडेश्वरला महादेवाने ओळख दिली. परतवाड्याच्या नावाला असा शब्द नाही, पण ते अचलपूरच्या लष्करी छावणीमुळे वाढले हे सर्वांना ठाऊक आहे.

म्हणजे बाजार, रेल्वे, घाट, देव आणि छावणी. गाव मोठे व्हायला यांपैकी काहीतरी लागते. नुसत्या पांढरीने गाव वाढत नाही.

वरूड नावाचीही गावे वऱ्हाडात आणि मराठवाड्यात अनेक आहेत. मात्र या वरूडला पुष्कळ वर्षे असा शब्द नव्हता. लोक 'वरूड-मोर्शी' असे जोडीने म्हणत, कारण इंग्रजी अमदानीत वरूड हे मोर्शी तालुक्यातच मोडत होते. शेवटी त्यालाही एक शब्द मिळाला. तो कोणता, ते पुढे येईलच.

नदी, सीमा आणि रस्ता

आपल्या जुन्या लोकांची भाषा मोठी नेमकी होती. राहायची जागा ती पांढरी, पिकवायची ती काळी. पांढरी नेहमी पाण्याजवळ, पण पुराच्या वर. वरूडची पांढरीही अशीच चुडामण नदीच्या काठी वसली. सातपुड्यातून येणारे पाणी या नदी-नाल्यांतून वर्धा नदीला मिळते. वर्धा नदी मुलताईच्या पठारावर उगम पावते आणि वरूडच्या पूर्वेने खाली जाते.

ही वर्धा म्हणजे केवळ नदी नव्हती, ती राज्याची सीमा होती. 1803 मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला आणि देवगावचा तह झाला. त्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि वऱ्हाड निजामाकडे आले. वरूड निजामाच्या बाजूला राहिले, तर नदीपलीकडचे मोवाड आणि नरखेड नागपूरकरांच्या बाजूला. सोयरीक एक, बोली एक, आणि राजे दोन! 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे कारभारासाठी सोपविले. 1903 मध्ये ते मध्यप्रांताला जोडले गेले आणि ही सीमा पुसट झाली. पण 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नवी सीमा आली. मुलताई आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिली, वरूड आधी मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. एकाच गावाला दोन वेळा सीमेवरचे गाव व्हावे लागले.

सीमेवरच्या गावाचे एक असते. येणारा-जाणारा तिथे थांबतो, गाडीबैल सोडतो, भाकर खातो, भाव विचारतो. वरूडहून एक वाट मोर्शीवरून अमरावतीला जाते, दुसरी काटोलवरून नागपूरला, तिसरी पांढुर्ण्याला, चौथी घाट चढून मुलताईला आणि आणखी एक वर्धा ओलांडून आष्टी-आर्वीकडे. अमरावती सुमारे 90 किलोमीटर, नागपूर 100 च्या आसपास. दोन मोठ्या शहरांच्या मधोमध, कोणाच्याही सावलीत नाही, असे हे ठिकाण. चार वाटा जिथे मिळतात तिथे दुकान पडायला सांगावे लागत नाही.

या मुलखाची आणखी एक ओळख सांगितली पाहिजे. 1942 च्या ऑगस्टमध्ये चले जाव चळवळीत तालुक्यातील बेनोडा येथे लोकांनी प्राण दिले. म्हणून त्या गावाला आज 'बेनोडा शहीद' म्हणतात. हाही नावापुढचा शब्दच, आणि तो सर्वांत महाग मोलाने मिळालेला.

रेल्वेने दोनदा टाळलेले गाव

वऱ्हाडची खरी भरभराट कापसाने केली. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास लोहमार्ग वऱ्हाडातून पुढे सरकत होता आणि 1867 मध्ये तो नागपूरला पोहोचला. कापसाच्या व्यवहाराला शिस्त लावण्यासाठी 1886 मध्ये कारंज्याला नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. आज आपण बाजार समिती म्हणतो तिचे मूळ या वऱ्हाडी कायद्यात आहे, हे सभासदांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण हा लोहमार्ग अकोला, बडनेरा, चांदूर, पुलगाव असा खालून गेला. वरूड वर राहिले. पुढे विसाव्या शतकात नागपूर-इटारसी मार्ग झाला. तो नरखेड आणि पांढुर्ण्यावरून गेला, आणि वरूड पुन्हा बाजूला पडले. ज्या काळात गाडी आली की गावाचे शहर होई, त्या काळात वरूडला गाडीने दोनदा हुलकावणी दिली. कापसाच्या गाड्या बैलांनीच ओढल्या.

मग हे गाव मागे का पडले नाही? कारण पुढे असे पीक आले आणि असे वाहन आले की लोहमार्गाची गरजच उरली नाही. पीक म्हणजे संत्रा, आणि वाहन म्हणजे ट्रक.

संत्रा आला

नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादकडून संत्र्याची झाडे आणून नागपुरात लावली, असे सांगतात. तेथून ते काटोल, नरखेड असे करीत वर्धा नदी ओलांडून वऱ्हाडात उतरले. सातपुड्याच्या पायथ्याची निचऱ्याची जमीन त्याला मानवली. संत्र्याच्या मुळाशी पाणी साचले की झाड सडते, आणि उन्हाळ्यात पाणी चुकले की वाळते. त्याला जमीन निचऱ्याची हवी आणि विहीर भरलेली हवी. वरूडकडे त्या वेळी दोन्ही होते.

शेंदूरजना घाट संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध झाले. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि कलम तयार करायचे, हा तिथला घरोघरचा उद्योग. आपल्याकडे जसे चांगल्या बेण्यासाठी लांबून गाड्या येतात, तसे लोक तिथे कलमांसाठी येतात. राजुरा बाजारला हिरव्या मिरचीचा बाजार भरतो. पण तालुक्याचा कणा म्हणाल तर संत्राच.

संत्र्याचे मुख्य बहार दोन. जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो तो आंबिया, त्याची फळे दिवाळीच्या आगेमागे येतात. पावसाच्या तोंडावर फुटतो तो मृग, त्याची फळे फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. बहार धरण्यासाठी झाडाचे पाणी काही आठवडे तोडावे लागते. याला ताण देणे म्हणतात. नंतर पाणी सोडले की झाड फुलांनी भरते. झाडाला ताण कधी आणि किती द्यावा, हे ज्याला कळले तो खरा बागाईतदार.

तोडलेले फळ फार दिवस ठेवता येत नाही. ते आज निघाले पाहिजे आणि दोन-तीन दिवसांत दिल्ली-कोलकात्याला पोहोचले पाहिजे. इथे रस्ता कामाला आला. बागेच्या बांधावरून ट्रक भरायचा आणि मुलताईच्या घाटाने उत्तरेला किंवा नागपूरवरून पूर्वेला सोडायचा. गाव नदीकाठ सोडून रस्त्याच्या दिशेने वाढले. ट्रकांचे अड्डे, पेट्या बनविणारे, तणस विकणारे, आडते, पंपदुरुस्तीवाले, औषधांची दुकाने, चहाची हॉटेले, लॉज. जुनी पांढरी नदीवर, नवी पांढरी डांबरावर. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास भरली.

आणि अखेर रेल्वेही आली. नरखेड-अमरावती-बडनेरा मार्ग 2012 च्या सुमारास पूर्ण झाला. वरूडच्या स्थानकाला नाव दिले 'वरूड ऑरेंज सिटी'. तेव्हा गावाला नावापुढचा शब्द मिळाला. बाजार नाही, घाट नाही, तर चक्क पीक! आपल्याकडे उसाने एवढी गावे उभी केली, पण स्थानकाच्या पाटीवर उसाचे नाव लागलेले आमच्या तरी पाहण्यात नाही.

माल जातो, भाव परगावचा येतो

ऊस आणि संत्रा यांत एक मोठा फरक आहे. ऊस तोडल्यावर जितका उशीर तितका उतारा घटतो, म्हणून तो लांब नेता येत नाही. कारखाना उसाजवळच यावा लागतो. याच अडचणीतून सहकार उभा राहिला. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला, आणि पुढे आपल्यासारखे कारखाने झाले. पिकाने शेतकऱ्याला गिरणीचा मालक केले.

संत्रा उलट आहे. तो जसाच्या तसा लांब जातो. त्यामुळे प्रक्रिया गावात रुजली नाही. बाग बहुधा झाडावरच विकली जाते. व्यापारी येतो, झाडावरच्या फळांचा अंदाज घेतो आणि हजारी भाव ठरवितो. मोठे फळ उचलले जाते, बारीक फळाला गिऱ्हाईक मिळत नाही. रसासाठी नागपूरला संत्रा उत्पादकांच्या संस्थेने काढलेला 'नोगा' हा उद्योग नावाजला. तोही पुढे 1972 मध्ये शासनाच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेला.

परगावच्या बाजारावर अवलंबून राहण्याचा फटका कसा बसतो ते अलीकडेच दिसले. नागपुरी संत्र्याचे मोठे परदेशी गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. त्या देशाने 2019 पासून संत्र्यावरचे आयातशुल्क वाढवीत नेले आणि 2023 मध्ये ते किलोला 88 टका झाले. ढाक्यातल्या एका सरकारी आदेशाने वरूडच्या बांधावरचा भाव पडला. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, नाव झाले, पण नावाने ट्रक भरत नाही. आपल्याला साखरेच्या भावाची तक्रार असते, आणि ती खोटी नाही. तरी निदान आपला माल आपल्या दारात दळला जातो, याची किंमत वरूडकडे पाहिले म्हणजे कळते.

विहिरीचा तळ

आता मुख्य गोष्ट. एवढे सगळे गाव उभे आहे कशावर? रस्त्यावर नाही, संत्र्यावरही नाही. ते उभे आहे विहिरीवर.

आधी मोट होती. मोटेला एक गुण होता : बैल दमले की उपसा थांबे, आणि रात्रीतून विहीर पुन्हा भरे. मग इंजिन आले, विजेचा पंप आला. पंप दमत नाही. विहीर आटली की विहिरीत आडवे-उभे बोअर, तेही आटले की शेतात नवे बोअर. शंभर फुटांवर लागणारे पाणी पुढे काही शे फुटांवर गेले. खाली काळा पाषाण आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत जेवढे पावसाचे पाणी मुरते तेवढेच आपले. अधिक खोल गेल्याने पाणी वाढत नाही, फक्त शेजाऱ्याच्या विहिरीतले आपल्याकडे येते, आणि काही दिवसांनी दोघांचेही संपते.

शासनाच्या भूजल यंत्रणेने वरूड-मोर्शी भागातील पाणलोट अतिशोषित ठरविले. म्हणजे दरवर्षी जेवढे मुरते त्याहून उपसा अधिक. 1993 मध्ये महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी भूजलाचा कायदा झाला. सार्वजनिक उद्भवापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यास बंदी आली. पण कायदा कागदावर आणि बोअरची गाडी शेतात, असे बहुतेक ठिकाणी चालले. 2019 च्या उन्हाळ्यात वरूड-मोर्शीतल्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडाच्या आळ्यात ओतले. ज्यांना ते परवडले नाही त्यांनी झाडावर कुऱ्हाड घातली. संत्र्याचे झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे जातात. जायला एक उन्हाळा पुरतो.

यातली विसंगती पाहा. वरूडच्या डोंगरावर पडणारा पाऊस वर्धेत जातो आणि खाली मोर्शीजवळ सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणात साठतो. त्यातून अमरावती शहर पाणी पिते. पाणी उताराने खाली गेले आणि बागा वर राहिल्या. नदीचे दुसरे रूपही या भागाने पाहिले आहे. 30 जुलै 1991 रोजी वर्धेच्या पुराने पलीकडचे मोवाड उद्ध्वस्त केले, दोनशेहून अधिक माणसे दगावली, आणि गाव नव्या जागी वसवावे लागले. जास्त पाण्याने एक पांढरी उठली, कमी पाण्याने दुसरी उठू नये, एवढीच इच्छा.

आणि तसे होऊ नये म्हणून लोक हातही हलवीत आहेत. 2016 मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा प्रथम तीन तालुक्यांत झाली : साताऱ्याचा कोरेगाव, बीडचा अंबाजोगाई आणि अमरावतीचा वरूड. भर उन्हात माणसांनी बांध घातले, चर खोदले. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने ठिबक आणि दुहेरी आळ्याची पद्धत सांगितली. ज्यांनी ती पाळली त्यांचे पाणीही वाचले आणि डिंक्या रोगही आटोक्यात राहिला.

आपण काय घ्यावे?

ज्या उन्हाळ्यात वरूडचे लोक चर खोदत होते, त्याच उन्हाळ्यात, एप्रिल 2016 मध्ये, लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. दुष्काळात पाणी गेले उसाच्या मुलखातून, आणि ज्या मराठवाड्यात ते गेले तिथेही ऊस कमी नव्हता. मराठवाड्यातल्या अनेक कारखान्यांची चाके त्यानंतरच्या हंगामात उसाअभावी फिरली नाहीत. कारखाना पाण्यावर तरंगत असतो, हे बॉयलरकडे पाहून कळत नाही, विहिरीकडे पाहून कळते.

सभासद बंधूंनो, आपल्या कारखान्याभोवती जी दुकाने, शाळा, दवाखाना, पेट्रोलपंप आणि वसाहत दिसते तीही एका पिकाची पांढरी आहे. वरूडला संत्र्याने जे दिले ते आपल्याला उसाने दिले. फरक इतकाच की आपण पाटपाण्याच्या आधाराने निर्धास्त आहोत. पाट भरला की आपण सरी तुंबेपर्यंत दारे मोडतो, आणि पाट बंद झाला की बोअर चालू करतो. मोटेच्या बैलाला जे कळत होते ते आपल्या स्टार्टरला कळत नाही. ते आपल्यालाच कळले पाहिजे.

म्हणून आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवितो. पहिली, या मे महिन्यात प्रत्येकाने आपल्या विहिरीची पाणीपातळी दोरीने मोजून वहीत लिहावी, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजावी. दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की कोणाच्या भाषणाची गरज लागत नाही. दुसरी, पुढच्या लागणीत निदान एक एकर ठिबकवर घ्यावे आणि त्याचे टनेज पाटपाण्याच्या एकराशी ताडून पाहावे. तिसरी, नवे बोअर मारण्याआधी शिवारातल्या शेजाऱ्याला विचारावे. जमिनीच्या वर बांध असतो, खाली नसतो.

वरूडच्या स्थानकावर पिकाचे नाव लागले, याचा तिथल्या शेतकऱ्याला अभिमान आहे, आणि तो असावा. पण पाटीवरचे नाव टिकते ते विहिरीतल्या पाण्यावर. आपल्या गावाच्या नावापुढे कोणता शब्द लागावा, हे आपल्याही विहिरीच ठरवतील. दोरी घेऊन उठा आणि एकदा मोजून तर पाहा.